मुठीत मावणारी बॅटरी कशी निवडावी?



आज बोलू या बॅटरीबद्दल. कुणी टॉर्च म्हणतं, कुणी विजेरी. घरात एखादी मोठी बॅटरी असते, पण रात्री ती कारभाऱ्यांबरोबर रानात गेलेली असते. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की पाणी द्यायला जावंच लागतं. मागे आपण गोठ्यात, परसाकडे, सरपणाच्या ढिगाकडे अंदाजाने पाय टाकत जातो.

पावसाळ्यात हे जिवावर बेतू शकतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्रीच फिरते. घोणसही अंधार पडल्यावर भक्ष्य शोधायला निघते. फुरसे हातभर लांब आणि मातीच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक बाईजवळ स्वतःची एक छोटी बॅटरी हवी.

“मोबाइलला आहे की दिवा,” असं कुणी म्हणेल. पण संध्याकाळपर्यंत मोबाइलचं चार्जिंग उतरलेलं असतं. अडचणीच्या वेळी फोन करायलाही तोच लागतो. त्याचं चार्जिंग उजेडात संपवू नका.

आता निवड कशी करायची? दुकानदाराला सांगून अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि बॅटरी जमिनीकडे धरून लावा. मधोमध एकच झगझगीत ठिपका पडला, तर ती बॅटरी लांबचं पाहायला, रानडुक्कर हुसकायला चांगली. दोन-तीन पावलं पुढे आणि दोन्ही बाजूंना उजेड पसरला, तर ती पायवाटेची. आपल्याला ही दुसरी हवी.

खोक्यावर ल्युमेन लिहिलेलं असतं. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. पायवाटेला ५० ते १०० ल्युमेन पुरतात. आकडा जितका मोठा, तितका सेल लवकर उतरतो. स्वस्त बॅटरीवर हजारोंचा आकडा दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मंद आणि जास्त असे दोन उजेड असलेली बॅटरी घ्यावी, एरवी मंदवर काम भागतं.

मग बटण पाहा. डोळे मिटून ते अंगठ्याला सापडतं का? दुसऱ्या हातात कळशी असताना एका हाताने दाबता येतं का? पिशवीत आपोआप दाबलं जात असेल, तर ऐन वेळी अंधारच मिळेल. मागे दोरी ओवायला कडी असावी, म्हणजे मनगटात अडकवता येते.

पाण्याचंही बघा. खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ असेल, तर पावसाचे शिंतोडे चालतात. ‘आयपीएक्स ७’ असेल, तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी टिकावी.

सेलची की चार्जिंगची? घरी रोज वीज असेल, तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारी घ्या. वीज दोन-दोन दिवस जात असेल, तर किराणा दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलची बरी. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. बरेच दिवस वापर नसेल, तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतली पत्री गंजते. चार्जिंगचा सेल फुगला, तर बॅटरी वापरणं थांबवा. उशाखाली किंवा गोधडीत ठेवून चार्जिंग करू नका.

बचत गटाच्या बैठकीला एकदा प्रत्येकीने आपापली बॅटरी आणा. सगळ्या पूर्ण चार्ज करून एकदम लावा आणि कोणती किती वेळ चालते ते वहीत लिहा. पुढची खरेदी त्या वहीवरून करा.

बॅटरी रोज एकाच जागी, उशाशी ठेवा. आधी उजेड जमिनीवर, मग पाय खाली. सरपणात, कडब्यात हात घालण्याआधीही उजेड पाडा. पायात चप्पलपेक्षा बूट बरा.

एवढं करूनही साप चावलाच, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. त्या व्यक्तीला चालू देऊ नका, धीर द्या आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर औषध एकच, दवाखान्यातली प्रतिविषाची लस.

येत्या बाजाराच्या दिवशी बॅटरी घ्याल, तेव्हा ती दुकानातच जमिनीकडे धरून पाहा.