आजी आजारी पडल्या आणि सहल राहिली

सांगलीच्या गावभागातल्या एक आजी गेली वीस वर्षे माझ्याकडे येतात. वय शहात्तर. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी, महिन्यातून एकदा दवाखान्यात फेरी आणि दर फेरीला न विचारता दिलेले उत्तर, "मीठ कमी केलंय हं डॉक्टर." मुलगी आणि जावई साताऱ्याला, दोघेही शिक्षक. निवृत्त झाल्यावर दोघांनी २०२३ च्या मे महिन्यात युरोपची सहल ठरवली. साठवणीतले साडेपाच लाख रुपये भरले.

निघायला नऊ दिवस उरले असताना एका सकाळी आजींच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. बोलताना जीभ अडखळू लागली. शेजारीण म्हणाली, "ताईंना फोन लावते." आजींनी डाव्या हाताने तिचा हात धरला. "काही कळवू नकोस. पोरगी जायची थांबेल, पैसे बुडतील." दिवसभर त्या पडून राहिल्या. दिवेलागणीला तोंड वाकडे झालेले पाहून शेजारीण घाबरली आणि तिने मला बोलावले. मी पाहिले आणि तडक मिरजेला पाठवले.

वाचकहो, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसू लागल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही सगळ्यांना चालत नाही. मेंदूचे स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहतात. आजींचे दहा तास गेले होते. ज्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले आणि जिथे आज चौकाचौकात दवाखाने आहेत, ते मिरज सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. अंतर आडवे आले नाही, आडवे आले ते सहलीचे पैसे. म्हणून आरोग्याच्या सदरात आज विम्याविषयी लिहितो आहे.

मुलगी-जावई त्याच रात्री साताऱ्याहून आले. सहल अर्थातच रद्द केली. विमान, हॉटेल, व्हिसा यांचे पैसे पुढे गेलेले असल्याने सहल कंपनीने फारच थोडी रक्कम परत केली. गुरुजी मात्र निर्धास्त होते. "डॉक्टर, विमा काढलाय ना!"

इथेच पुष्कळांची गफलत होते. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. म्हणून तो सगळेच काढतात. पण तो प्रवासात आपण स्वतः आजारी पडलो तर दवाखान्याच्या खर्चासाठी. सहलच रद्द करावी लागली तर मिळणारी भरपाई हे त्याच पॉलिसीतले वेगळे कलम असते. काही पॉलिसींत ते असते, काहींत नसते आणि असले तरी त्याची मर्यादा बरीच लहान असते. गुरुजींच्या पॉलिसीत माणशी ५०० डॉलर होते. दोघांचे मिळून त्या वेळच्या भावाने ऐंशी हजारांच्या आसपास.

तेही मिळेनात. कंपनीने घरच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. मी घाईत दोन ओळी खरडल्या : रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण, अर्धांगवायूचा झटका. महिन्याभराने पत्र आले की आजार आधीपासूनचा असल्याने दावा नामंजूर. ताई दवाखान्यात आल्या, डोळ्यांत पाणी. "तुम्ही रक्तदाबाचं लिहिलंच नसतं तर?" मी म्हणालो, "ताई, खोटा दाखला मी देणार नाही. पण अपुरा दिला, ही माझी चूक."

मग जुने केसपेपर काढले. दोन वर्षांतल्या सगळ्या नोंदींत रक्तदाब आटोक्यात होता. मिरजेच्या डिस्चार्ज कार्डावर हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता प्रथमच आढळल्याची नोंद होती आणि गुठळी तिथूनच गेली असावी, असे तिथल्या डॉक्टरांचे मत होते. तारखांसह हे सगळे मी नव्याने लिहून दिले. रक्तदाबाची ओळ तशीच ठेवली.

खरी कामगिरी मात्र गुरुजींची. आयुष्यभर इंग्रजीचे व्याकरण शिकवलेला माणूस. शिसपेन्सिल घेऊन त्यांनी पॉलिसीची बारीक अक्षरातली पाने वाचून काढली. आधीपासूनचा आजार वगळण्याच्या कलमात "विमाधारकाचा" असे म्हटले होते. आणि आजी काही विमाधारक नव्हत्या. विमाधारक ताई आणि गुरुजी! एका षष्ठी विभक्तीवर त्यांनी चार पानी तक्रार लिहिली आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे रजिस्टर पोस्टाने पाठवली. सात आठवड्यांनी पूर्ण ऐंशी हजार मिळाले. साडेपाच लाखांपुढे ते किती, हे सांगायला नको.

सगळ्याच पॉलिसींत शब्द असे सोयीचे नसतात. बऱ्याच ठिकाणी नातेवाइकाचा जुना आजारही वगळलेला असतो. घरात म्हातारे माणूस, त्याला मधुमेह किंवा हृदयविकार, आणि आपण लांबच्या सहलीचे पैसे भरणार, तर हेच कलम आधी पाहावे. "जवळचे नातेवाईक" म्हणजे कोण, तेही पाहावे. नवरा-बायको, मुले, आईवडील हे बहुधा असतात. सासू-सासरे आणि भावंडे कुठे असतात, कुठे नसतात. चुलते, आत्या, मामा शोधूनही सापडत नाहीत. ज्या चुलत्याने आपल्याला वाढवले तो कंपनीच्या लेखी परका. आपली एकत्र कुटुंबे या यादीत बसत नाहीत, हे मला फार खटकते.

आणखी एक. सहलीचे पैसे भरले की लगेच विमा काढावा. घरात कुणी अंथरूण धरल्यावर काढलेला विमा त्या आजारासाठी निरुपयोगी असतो. नुसती काळजी वाटते म्हणून जाणे रहित केले, तर पैसे मिळत नाहीत. रुग्णालयात दाखल केल्याचा तारखेचा कागद लागतो, सहल कंपनीकडून किती पैसे परत मिळाले आणि किती कापले याचे पत्र लागते. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना काही पैशांत मिळणारा विमा अपघातासाठी आहे, प्रवास रद्द करण्यासाठी नाही. मात्र कायम झालेले रेल्वे तिकीट आईवडील, भावंडे, पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर करता येते. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. काशीयात्रेला आई नाही तर धाकटी बहीण जाऊ शकते.

कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच कक्षेत येतात. फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीचे शेवटचे उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

आजी आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण परतली नाही, चहाची बशी डाव्या हातात धरतात. ताई आणि गुरुजींनी युरोपचा विषय परत काढलेला नाही. आजीच मला विचारतात, "यांना कधी पाठवू?" मी शेजारणीला १०८ नंबर भिंतीवर ठळक अक्षरात लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि आजींनी कितीही हात धरला तरी ऐकायचे नाही, असेही बजावले आहे.