दार कुठे अडले आहे?

इंटरनेटवरून फाइलींची देवाणघेवाण करणारे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर बसवले की बऱ्याच जणांना एक कोडे पडते. दुसऱ्याकडची फाइल आपल्याकडे येते, सावकाश का होईना पण येते. आपल्याकडची फाइल मात्र दुसऱ्याला मिळत नाही. सॉफ्टवेअर सांगते, ‘पोर्ट बंद आहे.’ मग कोणी जाणकार सुचवतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा. ते केले तरी संदेश तोच. अशा वेळी माणूस दिसेल ते सेटिंग बदलून पाहतो आणि अखेर कंटाळून घराची सगळीच दारे सताड उघडी टाकतो. यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची. म्हणून दार नेमके कुठे अडते, ते आज क्रमाने पाहू.

मुळात हे दार आले कशामुळे? इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आयपीव्ही-४ या जुन्या, पण अजूनही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. म्हणजे जगातल्या माणसांपेक्षाही कमी. ते अपुरे पडणार हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. तेव्हा १९९४ मध्ये एक तोडगा पुढे आला. घराला किंवा कचेरीला बाहेरचा पत्ता एकच द्यायचा आणि आतल्या यंत्रांनी आपापले खासगी पत्ते वापरायचे. आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची ही अदलाबदल राउटर करतो. तिला ‘नॅट’ म्हणतात. तुमच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो खासगी पत्ता आहे. शेजारच्या घरातही नेमका तोच पत्ता असू शकतो.

हे समजायला गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आणा. सोसायटीचा पत्ता एक, फाटक एक, आत फ्लॅट अनेक. फाटकावर वॉचमन बसलेला. तुम्ही दुकानातून काही मागवले असेल, तर वॉचमनने त्याची नोंद करून ठेवलेली असते. सामान घेऊन माणूस आला की तो त्याला तुमच्याकडे पाठवतो. पण न बोलावता कोणी आला, तर त्याला कोणत्या फ्लॅटकडे धाडायचे हे वॉचमनला ठाऊक नसते. तो त्याला परत लावतो. राउटर नेमके हेच करतो. म्हणूनच आपण मागितलेली फाइल येते, पण आपल्याकडे मागायला आलेला माणूस फाटकावरूनच परत जातो.

येणाऱ्या प्रत्येक संदेशावर पत्त्याबरोबर एक क्रमांकही लिहिलेला असतो. त्याला पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. ‘अमुक क्रमांक विचारत कोणी आला, तर त्याला अमुक संगणकाकडे पाठव,’ अशी वॉचमनला दिलेली कायमची सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

ही सूचना नसली तर काय अडते? समजा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी तुम्ही संगणकावर उतरवून घेतल्या. पन्नास-साठ जीबीचा तो ठेवा नागपूरच्या बहिणीला आणि कॅनडातल्या पुतण्याला द्यायचा आहे. एवढा मजकूर ईमेलने जात नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवायचा तर तिचे भाडे भरावे लागते. बिटटोरंट ही पद्धत अशा कामाला सोयीची आहे. ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ मध्ये आणली. तिच्यात फाइलीचे तुकडे एका घरातून दुसऱ्या घरात थेट जातात आणि घेणारेही आपल्याकडचे तुकडे एकमेकांना देऊ लागतात. अट एवढीच की भेटणाऱ्या दोघांपैकी एकाचे तरी दार उघडे हवे. दोघेही आपापल्या वॉचमनच्या आड असतील, तर कोणीच कोणाकडे पोहोचत नाही. काही सॉफ्टवेअर मध्यस्थाच्या मदतीने यातून वाट काढतात, पण ती दर वेळी निघेलच असे नाही. २००२ मध्ये आलेल्या ई-म्यूल या सॉफ्टवेअरने तर हा भेद उघडच दाखवला होता. ज्याचे पोर्ट बाहेरून पोहोचण्यासारखे असेल त्याला ‘हाय आयडी’, नसेल त्याला ‘लो आयडी’. दोन लो आयडीवाल्यांची थेट गाठ पडत नसे.

आता तपासणीकडे वळू. नियम एकच: आतून बाहेर या. आधी सॉफ्टवेअर, मग संगणक, मग राउटर, आणि सर्वांत शेवटी इंटरनेट पुरवणारी कंपनी.

पहिली पायरी सॉफ्टवेअरची. त्याच्या सेटिंगमध्ये ते कोणत्या पोर्टवर वाट पाहते हे दिलेले असते. ट्रान्समिशन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा मुळात ५१४१३ असतो. आपणही तोच धरून चालू. दर वेळी सुरू होताना नवा आकडा निवडण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू राहिली, तर राउटरला दिलेली सूचना दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी ठरते. तेव्हा ती बंद करा आणि आकडा पक्का करा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर चालू नसताना पोर्ट तपासले, तर ते बंदच दिसणार. फ्लॅटमध्ये कोणी नसेल तर बेल वाजवून उत्तर कोण देणार?

दुसरी पायरी संगणकाच्या पत्त्याची. हा पत्ता बहुधा राउटरच वाटतो आणि तो काही काळापुरताच असतो. आज १९२.१६८.१.२५ असलेला संगणक वीज जाऊन आल्यावर ३१ होऊ शकतो. वॉचमन मात्र पाहुण्यांना २५ कडेच धाडत राहतो. काल चाललेली गोष्ट आज चालत नसेल, तर पहिला संशय इथे घ्यावा. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या संगणकासाठी तो पत्ता राखून ठेवणे. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ अशा नावाने ही सोय असते. लॅपटॉपबाबत आणखी एक खबरदारी घ्या. त्याचा वाय-फायवरचा पत्ता वेगळा आणि केबल लावल्यावरचा वेगळा असतो. ज्या वाटेने तो रोज जोडता, त्या वाटेचा पत्ता राखा.

तिसरी पायरी संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलची. फाटकावरून पाहुणा आत आला, पण फ्लॅटच्या दाराला आतून कडी असली, तर त्याला जिन्यावरूनच परतावे लागते. विंडोजमध्ये घरचे जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर नियम अधिक कडक लागतात. घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ करा आणि त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्या. पूर्ण फायरवॉल बंद करू नका.

चौथी पायरी राउटरमधल्या सूचनेची. राउटरच्या पानावर ती ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या नावाखाली सापडते. तिथे बाहेरचे पोर्ट ५१४१३, आतले पोर्ट ५१४१३ आणि आतला पत्ता आपण राखून ठेवलेला, असे भरायचे. संदेश जाण्याच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत. बिटटोरंट दोन्ही वापरते, तेव्हा दोन्ही निवडा. एकच निवडल्याने काम अर्धवट होते आणि कारण सापडत नाही. शेवटी सूचना साठवली आहे ना आणि ती चालू केल्याची खूण आहे ना, हेही पाहा.

आता चाचणी घ्या, पण बाहेरून. आपलाच बाहेरचा पत्ता घरातल्या वाय-फायवरून तपासला, तर कित्येक राउटर तो आतल्या आत वळवू शकत नाहीत आणि चांगले चालणारे पोर्टही बंद दिसते. सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट तपासण्याचे बटण असेल तर ते वापरा, कारण ते बहुधा बाहेरच्या यंत्राला विचारून उत्तर देते.

इतके करूनही पोर्ट बंद असेल, तर पाचवी पायरी. राउटरच्या माहितीच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून एक पत्ता दिसतो. आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरही पाहा. दोन्ही आकडे सारखे असले तर ठीक. निराळे असले, तर तुमच्या फाटकाबाहेर आणखी एक फाटक आहे.

हे दुसरे फाटक कधी घरातच असते. कंपनीने बसवलेला डबा आणि त्यापुढे तुम्ही विकत आणलेला राउटर, असे दोन्ही पत्ते बदलत असतात. कंपनीला सांगून तिचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये घ्यावा, किंवा आपला राउटर नुसता ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून वापरून पोर्टची सूचना कंपनीच्या डब्यात भरावी. एक दार कमी होते.

पण वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ते फाटक कंपनीच्या इमारतीत आहे. आशिया-पॅसिफिक विभागाचा नव्या आयपीव्ही-४ पत्त्यांचा मुख्य साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. त्यानंतर अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देण्याची प्रथा वाढली, आणि कंपन्यांच्या अशा आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये हे आकडे राखून ठेवले गेले. इथे तुमच्या राउटरमध्ये कितीही सूचना भरल्या तरी उपयोग नाही, कारण पाहुणा तुमच्या फाटकापर्यंत येतच नाही. काही कंपन्या १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही याच कामाला वापरतात.

अशा वेळी तीन वाटा उरतात. पहिली, कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणे. ‘स्टॅटिक आयपी’ या नावाने अनेक कंपन्या तो जादा पैसे घेऊन देतात. दुसरी वाट आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीची. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तेव्हा फॉरवर्डिंग लागत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टला मुभा द्यावी लागते. मात्र समोरच्याकडेही आयपीव्ही-६ हवे. तिसरी वाट म्हणजे देणारा किंवा घेणारा, ज्याचे दार उघडू शकते त्याने ते उघडणे. बहिणीच्या घरचा पत्ता सार्वजनिक असेल, तर तिच्या राउटरमध्ये सूचना भरा. तुमचा संगणक तिच्याकडे जाईल आणि फाइल पोहोचवील.

आता धोक्याविषयी. वॉचमन जे अडवतो, त्यातले पुष्कळसे अडवण्याजोगेच असते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, तो विंडोजच्या फाइल-वाटपाच्या ४४५ या पोर्टमधून. २०१६ मध्ये ‘मिराई’ने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. यावरून काही नियम बांधून घ्यावेत. ४४५ हे पोर्ट बाहेर उघडू नये. संगणक दुरून चालवण्याचे ३३८९ हे पोर्टही उघडू नये. ‘डीएमझेड’ हा पर्याय वापरू नये, कारण त्यात कोणताही क्रमांक विचारणारा पाहुणा थेट त्या एका संगणकाकडे धाडला जातो. राउटरचा पासवर्ड बदलावा. ‘यूपीएनपी’ नावाची सोय पोर्ट आपोआप उघडते. ती सोयीची खरी, पण घरातले कोणतेही सॉफ्टवेअर तिच्याद्वारे न विचारता दार उघडू शकते. एका पोर्टची सूचना हाताने भरलेली असेल, तर ती बंद ठेवलेली बरी.

फाइलींची देवाणघेवाण हा काही गुन्हा नाही. लिनक्ससारखी मोफत प्रणाली कितीतरी वर्षे याच मार्गाने अधिकृतपणे वाटली जाते. आपण काय वाटतो यावर कायदेशीरपणा ठरतो. दुसऱ्याच्या हक्काचे चित्रपट आणि गाणी वाटणे कॉपीराइट कायद्यात बसत नाही. घरची कीर्तने, घरची छायाचित्रे, आपण लिहिलेले पुस्तक हे सारे आपले आहे. ते वाटायला दार उघडावे, एकच उघडावे, आणि फाइल पोहोचल्याचा निरोप आला की राउटरमधली ती ओळ आठवणीने काढून टाकावी.