चौकटीआडची आत्या

घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपल्याकडे प्रथम वंशवृक्ष काढला जातो. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्या पुत्रांचे पुत्र अशा फांद्या पसरत जातात. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी मोठ्या परिश्रमाने आपापले कुलवृत्तांत छापले. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्या पानांतून स्त्रिया फार त्रोटकपणे भेटतात. त्यातच विवाहसमयी नाव बदलण्याची आपली रीत! ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या, हे आपण जाणतो. कारण त्यांनी लेखणी हाती धरली. ज्यांच्या हाती आयुष्यभर पळीच राहिली, त्यांची पहिली नावे कोठे शोधावीत?

हा प्रश्न मला पडला तो ऑकलंडमध्ये, आणि तोही बुरशीच्या कृपेने. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहावयास आली, तेव्हा तिच्या सामानात दोन जुन्या वस्तू होत्या. एक, साताऱ्यास १९३६ साली काढलेले कुटुंबाचे छायाचित्र. दुसरी, माझ्या आजीची पाककृतींची वही. मेतकुटाचा डबाही होता. तो विमानतळावर रीतसर घोषणापत्रात लिहून दाखवावा लागला. बियाणे आणि खाद्यपदार्थ यांविषयी हा देश फार दक्ष आहे, व ते योग्यच आहे. छायाचित्र मात्र कोणी तपासले नाही.

ऑकलंडची हवा दमट. दोन हिवाळ्यांत काचेच्या आत पांढुरके ठिपके उमटले, म्हणून चौकट उघडली. छायाचित्राभोवती जाड पुठ्ठ्याचा कोनाडा बसविलेला होता. तो दूर करताच उजव्या कडेला एक आकृती प्रकट झाली. डोक्यावरून पदर घेतलेली, आलवणातील, हाती बांगडी नसलेली एक बाई. खुर्चीवर आजोबा, शेजारी नऊवारीतील आजी, तिच्या मांडीवर चार वर्षांचे माझे वडील, आणि सर्वांपासून हातभर दूर ती. ऐंशीहून अधिक वर्षे ती आमच्या भिंतीवर होती आणि कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती.

छायाचित्र काढताना तिला कोणीतरी हाक मारून उभे केले असले पाहिजे. चौकट करताना कोणीतरी तिला झाकले. दोन्ही आज्ञा एकाच माणसाच्या असतील काय? आजोबांना दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही, परंतु पुठ्ठ्याची ती कापणी फार काटेकोर आहे.

आईने तिला कधी पाहिले नव्हते. "ह्यांची सोवळ्यातली आत्या असावी," एवढेच ती म्हणाली. मग मी वही काढली. आजीच्या बाळबोध अक्षरांत एका पानावर मथळा आहे : ‘वन्संच्या हातचे मेतकूट’. आजीची वन्सं म्हणजे आजोबांची बहीण. चौकटीबाहेर गेलेली ती बाई वहीत नांदत होती!

त्या पाककृतीचे प्रमाण आज चमत्कारिक वाटेल. हरभऱ्याची डाळ एक शेर, तांदूळ एक मापटे, उडदाची डाळ एक चिपटे, गहू एक कोळवे. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे आली आणि हे शब्द आमच्या पिढीस परके झाले. मी ग्रॅमांचे हिशेब मांडून थकले, तेव्हा आई हसून म्हणाली, "अगं, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. निम्मे-निम्मे करीत जा!" खरेच की! प्रत्येक माप आधीच्याच्या अर्धे. शेर गावोगाव लहानमोठा असला तरी हे नाते ढळत नाही. येथील चहाच्या पेल्यानेही तेच मेतकूट होते. धान्ये निरनिराळी, तेलावाचून, मंद आचेवर भाजावयाची. मेथी शेवटी, ‘वास येताच उतरावी, वन्सं ओरडतात’ अशी कडेला टीप आहे. त्या बाईचा आवाज म्हणून आमच्यापाशी आहे तो एवढाच.

वडिलांची बहीण वाईस असते. वय नव्वदीपुढे, स्मरण अजून तल्लख. दूरध्वनीवर तिला विचारले, तर ती क्षणभर गप्प राहिली. "आम्ही तिला आत्याच म्हणत असू. मऊभातावर मेतकूट आणि तूप तीच घाली. नाव? मोठ्यांचे नाव कोण विचारतो गं?"

उत्तर अखेर पुण्यास धाकट्या भावाकडे, वडिलांच्या पोथीत सापडले. महालय श्राद्धात केवळ मातापित्यांच्या त्रयीस नव्हे, तर काका, मामा, आत्या अशा सर्व आप्तांस पिंड द्यावयाचा असतो, आणि त्यासाठी नाव व गोत्र लागते. म्हणून वडिलांनी गुरुजींसाठी यादी करून ठेवली होती. तीत ‘पितृभगिनी’ या शब्दापुढे लिहिले आहे : सरस्वती. गोत्र अर्थातच सासरचे. ज्या घरी ती जेमतेम नांदली, त्या घरचे नाव आणि त्या घरचे गोत्र. आमच्या घरात जन्मून पाळण्यात मिळालेले नाव तेथेही नाही.

माझ्याही विवाहात ताटातील तांदळावर नवे नाव लिहिले गेले होते. पारपत्रावर जुनेच राहिले, म्हणून ते वाचले.

येथील माओरी लोक वंशावळीस ‘फाकापापा’ म्हणतात आणि पूर्वजांची नावे तोंडपाठ म्हणून दाखवितात. त्यांच्या सभागृहाच्या भिंतींवर दिवंगतांची छायाचित्रे मांडलेली असतात. अशा एका सभागृहात मला एका वृद्धेने माझ्या पणजीचे नाव विचारले होते. ते मला सांगता आले नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

वाचकांच्या घरीही अशा चौकटी असतील. त्या एकदा उघडून पाहाव्यात, आणि ज्यांना चेहरे ओळखता येतात ती माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. नावे मागील बाजूस मऊ शिसपेन्सिलीने लिहावीत. शाई कालांतराने पुढे उमटते.

आम्ही छायाचित्र नव्या चौकटीत बसविले आहे, पुठ्ठ्याच्या कोनाड्यावाचून. मागे मी सर्वांची नावे लिहिली. उजव्या कडेस लिहिले : सरस्वती, आजोबांची बहीण. त्याखाली ‘माहेरचे नाव’ असे लिहून पुढे जागा मोकळी ठेवली आहे. वाईची आत्या म्हणते, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत एकदा पाहा. आजोबा बहिणीला घेऊन तेथे गेले होते.