आखूड मॅग्नम, लांब मॅग्नम : फरक केवळ लांबीचा नव्हे

नेमबाजीच्या बातम्यांत भोपाळचे नाव आज येते ते तेथील मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीमुळे. मार्च २०२३ मध्ये तेथे विश्वचषक स्पर्धा झाली आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने दहा मीटर एअर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या रायफलीतील छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तो हवेच्या दाबाने सुटतो, दारूचा तेथे संबंधच नाही. परंतु याच शहरात रायफल या शब्दाला एकेकाळी निराळा अर्थ होता. अखेरचे नवाब हमीदुल्ला खान आणि त्यांच्या कन्या आबिदा सुलतान यांची शिकारीची हौस सर्वश्रुत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपले. तरी त्या काळातील एखादी रायफल वारसाहक्काने आणि परवान्यासह पुढील पिढीकडे येते, आणि नळीवर कोरलेला ‘मॅग्नम’ हा शब्द वारसाला कोड्यात टाकतो.

मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये ‘मोठे’. दीड लिटरच्या मद्याच्या बाटलीचे हे नाव काडतुसाला मिळाले, कारण पुंगळीत नेहमीपेक्षा अधिक दारू मावू लागली. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेले .३७५ मॅग्नम हे या कुळातील आद्य नाव. त्याची पुंगळी ७२ मिलिमीटर लांब व निमुळती आहे. त्या काळची कॉर्डाइट दारू उन्हाळी प्रदेशांत अधिक दाब निर्माण करी. पुंगळी निमुळती असली की ती नळीत अडकून न बसता सहज बाहेर येई. मात्र उतरत्या खांद्यावर काडतूस नेमके टेकत नसे, म्हणून बुडाशी एक जाड कडे ठेवावे लागले. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमने खांदा स्पष्ट केला. कडे मात्र, गरज उरली नसतानाही, तसेच राहिले.

२००१ मध्ये विंचेस्टरनेच .३०० शॉर्ट मॅग्नम आणले. गोळीचा व्यास तोच, ७.८२ मिलिमीटर. पुंगळी मात्र ६६.५ ऐवजी ५३.३ मिलिमीटर, अधिक जाड आणि बिनकड्याची. आखूड व रुंद जागेत दारू अधिक एकसारखी जळते, हा त्यामागचा विचार. दारू सुमारे दशांशाने कमी मावते, तरीही १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी दोन्ही काडतुसांतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. काडतूस आखूड म्हणून बोल्ट कमी मागे ओढावा लागतो आणि रायफल किंचित हलकी होते.

मग लांब मॅग्नम कालबाह्य ठरले काय? नाही. दूरच्या माऱ्यासाठी जड आणि लांब गोळी लागते. आखूड काडतुसात ती दारूची जागा खाते. शिवाय जाड काडतूस मॅगझिनमधून सरकताना क्वचित अडते, निमुळत्या.३७५ ची ख्याती नेमकी याच्या उलट आहे. अचूकतेतील फरकाचा गाजावाजा मात्र मला जाहिरातीचाच भाग वाटतो; सामान्य नेमबाजाला तो जाणवणारही नाही.

खरा धोका नावातील साम्यात आहे. ‘तीनशे मॅग्नम’ एवढे सांगून काडतूस मागणे पुरेसे नाही. शॉर्ट मॅग्नम जाड असल्याने लांब मॅग्नमच्या रायफलीत बसतच नाही, हे एका परीने बरे. पण मोठ्या काडतुसासाठी कोरलेल्या जागेत लहान काडतूस शिरू शकते. तेव्हा पुंगळीला भोवती आधार राहत नाही, ती फुटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरील ठसा अक्षरशः जुळला पाहिजे. जुन्या रायफलीची तपासणी परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यावी, तोवर ती चालवू नये. आपल्याकडे अधिक परिचित असलेल्या ईशापूरच्या .३१५ रायफलीत यांपैकी कोणतेही मॅग्नम चालत नाही.