गोणपाट आणि शेंगाचटणी

जून उजाडला की सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. गणवेश, दप्तरं, वह्या. पोरांचे हात धरून आया या दुकानातून त्या दुकानात. गणवेशाच्या एका दुकानात पन्नाशीच्या दोघी वर्गमैत्रिणी अवचित भेटल्या. "फी भरली नाही म्हणून तुला दारात उभं केलं होतं, आठवतं का गं?" "न आठवायला काय झालं? त्या दिवशी तू तुझ्या डब्यातली भाकरी अन् शेंगाचटणी मला दिलीस." त्या तासाला फळ्यावर काय होतं, हे दोघींनाही सांगता आलं नाही.

असं का होतं? मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवलं, की उजळणी नसेल तर पाठ केलेलं काही तासांतच झपाट्याने विसरायला होतं. अपमान, भीती, अपार आनंद यांचं तसं नाही. अशा वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, मेंदूतला अमिग्डाला सावध होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला तो प्रसंग घट्ट धरून ठेवायला लावतो. बारीकसारीक तपशील पुढे पुसटतात. वळ मात्र राहतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस आहे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या या विद्वानाने चाळिशी उलटल्यावर 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्या दिवसांबद्दल काय लिहिलं? कोपऱ्यात वेगळं बसायचं गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. तीस-पस्तीस वर्षांनंतरही ते गोणपाट त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते वाचताना माझ्या तरी घशाला कोरड पडते.

त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या दलित मुलांना तिथे राहायला, जेवायला, अभ्यासाला हक्काची जागा मिळाली.

मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. गुरुजनहो, या जूनमध्ये फीचा तगादा पालकांकडे लावा. पोराला दारात उभं करू नका.