पोत्यावरची चिठ्ठी आणि आतला माल

मेहकरच्या बाजारात सोयाबीनच्या पोत्यात तूर निघाली, तर खरेदी तिथंच अडते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या रूपात हेच व्हायचं. यादीत आकडा, नाव, तारीख काहीही कोंबा. चूक कळायची प्रोग्रॅम चालताना, बहुधा ग्राहकासमोरच.

2004 साली जावा 5 मध्ये जेनेरिक्स आले, 2005 मध्ये सी-शार्प 2.0 मध्ये. आता पोतं शिवतानाच आत काय भरायचं त्याची चिठ्ठी लागते, भलतं टाकलं की कंपायलर हात धरतो. यादीचा कोड मात्र एकदाच लिहायचा, तो कुठल्याही मालाला चालतो. सी-शार्पमध्ये प्रत्येक आकडा वेगळ्या डबीत बांधण्याचा खटाटोपही वाचला, त्यामुळे वेग वाढला.

या दोन्ही भाषांत आणखी एक सोय आहे: रिफ्लेक्शन, म्हणजे पोत्यात नळी खुपसून नमुना काढणं. प्रोग्रॅम चालू असताना वस्तूलाच विचारायचं, ‘बाई, तुझ्यात काय काय आहे?’ मग ‘भाव’ एवढं नाव दिलं की कुठलीही यादी त्या क्रमानं लावता येते. पण हे काम संथ. पोत्यागणिक नळी लावत बसलात तर दिवस मावळेल; म्हणून मालाच्या एका प्रकाराला एकदाच तपासायचं आणि उत्तर जपून ठेवायचं.

एक गंमत: जावा कंपाइल करताना यादीवरची ही चिठ्ठी बरीचशी पुसून टाकते, त्यामुळे नुसत्या यादीकडे पाहून आतला माल ओळखता येत नाही. सी-शार्प ती शेवटपर्यंत जपते.