पुन्हा एकदा, वन-टू-थ्री-फोर!

बँड नेमके कशामुळे फुटतात? आणि नऊ वर्षांनी परत स्टेजवर उभं राहायचं, तर गाणी बसवण्याआधी काय काय करावं लागतं? रत्नागिरीतल्या एका छोट्याशा ‘कमबॅक’ची ही गोष्ट. सोबतीला अ‍ॅक्सल, स्लॅश आणि आपले इंडस क्रीड!

१७ मे २०२५. महालक्ष्मी रेसकोर्स. समोर साक्षात गन्स अँड रोझेस. अ‍ॅक्सल रोझ, टोपीवाला स्लॅश आणि बेसवर डफ मॅकेगन. आजूबाजूची पब्लिक मोबाइल वर करून किंचाळतेय आणि माझ्या डोक्यात मात्र भलतंच चाललंय. साला, यांना जमतं, तर आपल्याला का नाही?

‘आपल्याला’ म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या बँडला. चार पोरं, भाड्याचा ड्रमसेट आणि आंब्याच्या पेट्या ठेवायच्या शेडमध्ये प्रॅक्टिस. मी गायचो आणि गाणी लिहायचो. समुद्राच्या हवेने गिटारच्या तारा महिनाभरात गंजायच्या, पण जोश सॉल्लिड होता. २०१२मध्ये आम्ही सुरू झालो. त्याच वर्षी डिसेंबरात गन्स अँड रोझेस पहिल्यांदा मुंबईत वाजवून गेले, पण स्लॅशशिवाय. आमच्या गिटारिस्टने तिकिटाचं नावही काढलं नाही. ‘स्लॅश नाही तर कशाला जायचं? घरीच कॅसेट लावतो!’

मग आलं २०१६. त्या एप्रिलमध्ये अ‍ॅक्सल आणि स्लॅश तब्बल २३ वर्षांनी एका स्टेजवर आले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही फुटलो. टायमिंग बघा!

भांडण सुरांचं नसतंच

लोकांना वाटतं, बँड फुटतात ते ‘म्युझिकल डिफरन्सेस’मुळे. हा शब्द छान आहे, प्रेस नोटमध्ये शोभतो. पण खरी भांडणं बघा. गन्स अँड रोझेसमधून इझी स्ट्रॅडलिन १९९१मध्ये गेला, स्लॅश १९९६मध्ये, डफ १९९७मध्ये. वादातला एक मोठा मुद्दा होता, बँडचं नाव कोणाच्या मालकीचं? ते अ‍ॅक्सलकडे राहिलं आणि बाकीच्यांनी आपापल्या वाटा धरल्या. २०१२मध्ये कोणीतरी अ‍ॅक्सलला विचारलं, पुन्हा एकत्र येणार का? त्याचं उत्तर होतं, या जन्मात तरी नाही. पुढे २०१६च्या टूरला त्यांनी नेमकं तेच नाव दिलं. याला म्हणतात स्वतःचे शब्द गिळणं, तेही तिकीट लावून!

पिंक फ्लॉइडचंही तेच. १९८५मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडला आणि मग नावावरून कोर्टकचेरी. ती मिटली १९८७मध्ये. मनं जुळायला मात्र वेळ लागला. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’साठी चौघं एकत्र उभे राहिले, २४ वर्षांनी. तीन वर्षांत कीबोर्डवाला रिचर्ड राइट गेला. म्हणजे ‘बघू पुढे कधीतरी’ म्हणणाऱ्यांना ती एकच संध्याकाळ मिळाली.

आमच्याकडे ना नावाचा वाद, ना वकील. आमच्याकडे होता एक अ‍ॅम्प.

गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत हिंदी गाणी वाजवून आम्ही २२ हजार जमवले आणि तो विकत घेतला. चौघांचा. २०१६मध्ये मला मुंबईत नोकरी लागली. गोरेगावात खोली घ्यायची, डिपॉझिटला पैसे कमी पडत होते. अ‍ॅम्प तेव्हा माझ्या घरी होता. मी तो १४ हजारांना विकला. कोणाला विचारलं नाही. नंतर सांगू म्हटलं. ते ‘नंतर’ काही आलं नाही. गिटारिस्टला विकत घेणाऱ्याकडूनच कळलं. त्याने मला फोन केला, मी उचलला नाही. झालं, नऊ वर्षं संपली.

आपले इंडस क्रीड

आम्हाला रॉकचं वेड लागलं ते माझ्या मामामुळे. तो मुंबईत नोकरीला होता आणि त्याच्याकडे ‘रॉक मशीन’ची कॅसेट होती. उदय बेनेगल, महेश तिनईकर. नावं वाचून आम्ही उडालोच. ही तर आपल्याकडचीच आडनावं! म्हणजे आपल्यासारखी माणसं स्वतःची रॉक गाणी लिहितात, त्याची कॅसेट निघते? आमचा फंडा तिथेच क्लिअर झाला.

मुंबईचा हा बँड १९८४मध्ये सुरू झाला. ‘रॉक ’न’ रोल रेनेगेड’ आणि ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे पहिले दोन अल्बम. १९९३मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ ठेवलं, कारण संगीतात भारतीय रंग येऊ लागला होता आणि जुनं नाव त्याला तोकडं पडत होतं. लोक ओळखायला लागल्यावर नाव बदलायचं म्हणजे डेअरिंगच! १९९७मध्ये बँड थांबला. उदय आणि गिटारिस्ट जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाने नवं काम सुरू केलं.

२०१०मध्ये इंडस क्रीड परत उभे राहिले. उदय, महेश आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने तिघं. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी, हे दोघं नवे. जुनी हिट गाणी वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या की! पण त्यांनी नवीन गाणी लिहिली आणि २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम काढला.

मला यातली एक गोष्ट फार पटते. परत येताना सगळे परत येतातच असं नाही. गन्स अँड रोझेसमध्ये इझी आजही नाही. आपण मात्र ‘सगळे असतील तरच’ म्हणून बसून राहतो आणि मग कोणीच येत नाही.

गणपतीला दारात आलेला माणूस

तर महालक्ष्मीवरून मी पंधरा सेकंदांची क्लिप आमच्या ड्रमरला पाठवली. त्याची आंब्याची बाग आहे. मे महिना म्हणजे त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. उत्तर आलं : ‘पेट्या भरतोय. मोठी पाठव मेल्या.’ आणि मिनिटभराने दुसरा मेसेज : ‘त्याच्याशी बोललास?’

नव्हतो बोललो. पण कोकणात एक सोय आहे. गणपतीला दर्शनासाठी दारात आलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही. २७ ऑगस्टला आमच्या घरची आरती झाली आणि मी थेट गिटारिस्टच्या घरी गेलो. खिशात पाकीट, पाकिटात साडेपाच हजार. बावीस भागिले चार.

काकूंनी दार उघडलं. ‘आलास? केवढा बारीक झालायस रे! बस, मोदक खा आधी.’ तो आतून आला. मी नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि ओटीवर पाकीट पुढे केलं. त्याने ते उघडलंही नाही.

‘बाकीच्या दोघांना दिलेस?’

‘हो. काल.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पैशाचं काही नव्हतं रे. मागितला असतास तर अ‍ॅम्प दिला असता. विचारायला हवं होतंस.’

‘हो. चुकलंच माझं.’

बास, एवढंच. मिठी नाही, रडारड नाही. मी निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, ‘गळा शिल्लक आहे का काही? का ऑफिसात ओरडून घालवलास?’

अर्धा सूर खाली

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा डिसेंबरात होता. अर्ध्या तासाचा स्लॉट, सहा गाणी. नोव्हेंबरात तीन वीकएंड मी शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायचो. रविवारी रात्री परतीची गाडी आणि सोमवारी डोळे चोळत थेट ऑफिस. शेड तीच. आंब्याचा सीझन नसल्यामुळे रिकामी.

बेसवाला कुवेतला आहे. त्याने तिथून फर्मान काढलं, ‘माझ्यासाठी थांबू नका, पण व्हिडिओ पाठवा.’ त्याच्या जागी ड्रमरचा चुलतभाऊ आला, वय एकोणीस. आम्ही फुटलो तेव्हा तो चौथीत होता. मला ‘दादा’ म्हणतो आणि चुकलो की बिनधास्त थांबवतो.

पहिल्याच दिवशी कळलं, माझा वरचा सूर गेलाय. गिटारिस्टने काही न बोलता तारा अर्ध्या सुराने उतरवल्या. ‘गन्स अँड रोझेसपण अशाच लावतात,’ तो म्हणाला. हे खरंय. पण त्याने ते माझ्यासाठी केलं, हेही खरंय.

मेळाव्याला दीडशे खुर्च्या. निम्मे लोक बटाटेवड्यांची वाट बघत होते. रात्री दहाच्या आत स्पीकर बंद, त्यामुळे घाई. ड्रमरने काड्या आपटल्या, वन-टू-थ्री-फोर! आणि मी पहिल्याच गाण्यात चार मात्रा आधी घुसलो. पोटात गोळा आला. गिटारिस्टने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोच तुकडा पुन्हा फिरवून वाजवला, जणू गाणं बसवलंच होतं तसं. मी दुसऱ्या फेरीला बरोबर पकडलं. समोर कोणाला पत्ताही लागला नाही.

ते साडेपाच हजार? त्याने ते त्या दिवशीच्या अ‍ॅम्पच्या भाड्यात टाकले. भाडं चार हजार झालं. उरलेले दीड हजार अजून त्याच्याकडेच आहेत. ‘पुढच्या वेळच्या तारांना ठेवलेत,’ म्हणाला.

बँड (किंवा टीम) पुन्हा जमवायचीय?

• आधी हिशेब, मग गाणं. आपल्याकडून जे देणं आहे ते कोणी मागायच्या आत द्या.

• कोण आधी चुकलं, यावर चर्चासत्र नको. आपली चूक सांगा आणि प्रॅक्टिसची वेळ ठरवा.

• जो येऊ शकत नाही त्याला व्हिडिओ पाठवा. जो नवीन आलाय त्याला तुम्हाला थांबवायची मुभा द्या.

• जुना वरचा सूर लागेलच असं नाही. लाज कसली? तारा उतरवा.